शेवटचा फेरा मालकाचा

सावळधरीच्या अब्दुल गनीनं तीस वर्षं कुलपांचं काम केलं आणि त्या तीस वर्षांत एकही कुलूप उघडलं नाही. ऐकणारा माणूस इथं हसतो. सावळधरीची सुरक्षा व सुधार समितीही हसली होती. तुम्ही हसून पुढं जाल, समितीनं हसून त्याचं नाव संशयितांच्या यादीत घातलं.

सावळधरी म्हणजे नेरच्या रस्त्यावर मोटरीतून उतरून कोसभर पायी. बुधवारचा बाजार, एक शाळा, एक ग्रामपंचायत आणि गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. बाजाराच्या कडेला निंबाखाली गनीचं टिनाचं खोपट होतं. तीन कानशी, एक रॉकेलची चिमणी, खिळ्याला टांगलेला जुन्या किल्ल्यांचा जुडगा, आणि बसायला बारदाना. कुलूप अडलं, ट्रंकेची कडी तुटली, स्टोव्हची पिन मोडली, गॅसबत्ती भडकली की लोक गनीभाईकडं येत. हात असा की किल्ली हरवलेलं कुलूप समोर ठेवलं तर तो कोरी पट्टी चिमणीच्या काजळीवर धरायचा, काळी झालेली पट्टी कुलपात घालून हलकेच दाबायचा, बाहेर काढून ओरखडे बघायचा आणि तेवढंच कानशीनं घासायचा. पाच-सात वेळा असं केलं की किल्ली तयार.

पण किल्ली अर्धी फिरवून, आतला खटका जागेवर आला याची खातरी करून, तो हात काढून घेई. उठून दोन पावलं मागं सरे आणि तोंड दुसरीकडं करी. मग म्हणे, फिरवा. हा रिवाज त्याला कारंज्याच्या रहमत उस्तादानं शिकवलेला. किल्ली आपण करायची, पण शेवटचा फेरा मालकाचा. ज्यानं फेरा दिला, तो आतल्या चीजवस्तूचा जबाबदार. आणि आत जे दिसेल ते आपण पाहिलं नाही. गनीनं हे दोन्ही असे पाळले की लोक त्याला हेकट म्हणत. एका म्हातारीचे हात सांधेवातानं वळत नव्हते, तर तिचा लेक वावरातून येईपर्यंत हा बाप्पा दोन तास तिच्या ओसरीवर बसून राहिला, पण किल्लीला हात लावला नाही. म्हातारीनं त्याला शिव्याही दिल्या आणि चहाही दिला.

तर हा गनी. आता गावाची सुधारणा कशी झाली ते ऐका.

बासष्ट साली जिल्हा परिषद नवी कोरी निघाली आणि तिच्या मागोमाग कागद निघाले. त्यातला एक कागद सावळधरीला आला. त्यात लिहिलं होतं की गुन्हेगाराला नुसती शिक्षा करून भागत नाही, त्याला सुधारलं पाहिजे. आणि गावानं पोलिसांच्या तोंडाकडं न बघता आपली सुरक्षा आपण केली पाहिजे. कागदात वाईट असं काहीच नव्हतं. कागदात कधीच नसतं. सरपंच उकंडराव डहाके यांनी तो सेक्रेटरी ढोमण्यांकडून दोनदा वाचून घेतला. त्यांना सुधारणेचं तितकंसं कळलं नाही, पण शेवटी एक ओळ होती की जिल्ह्यातल्या सर्वात सुरक्षित गावाला चांदीचा मुलामा दिलेली ढाल मिळेल. ती मात्र त्यांना पहिल्याच वाचनात कळली.

समिती झाली. अध्यक्ष उकंडराव, चिटणीस ढोमणे, आणि मान हलवायला पाच सभासद. मग ग्रामरक्षक दल झालं, आणि दलासाठी सरकारी साहित्य आलं: वीस शिट्ट्या, दहा बॅटऱ्या, दोन गॅसबत्त्या, दंडावर बांधायच्या वीस लाल पट्ट्या, आणि हे सगळं ठेवायला एक लोखंडी कपाट, भलं मोठं, वर सात खटक्यांचं कुलूप. सव्वीस जानेवारीला दलाचा फोटो निघाला. फोटो झाला आणि दल संपलं. गॅसबत्त्या उकंडरावांच्या पुतणीच्या लग्नात गेल्या त्या तिच्याबरोबर सासरी नांदायला गेल्या. बॅटऱ्या ज्वारीत शिरणारी डुकरं हाकलायला सभासदांच्या वावरात पोचल्या. शिट्ट्या कोणाच्या नातवंडांनी वाजवून वाजवून फोडल्या. लाल पट्ट्या पोळ्याला उकंडरावांच्या बैलांच्या शिंगांवर शोभल्या, आणि खरं सांगायचं तर त्या तिथंच जास्त शोभल्या. कपाट मात्र जिथल्या तिथं राहिलं, कारण ते उचलून न्यायला जड असेल असं सगळ्यांना वाटलं.

सहा महिन्यांनी यवतमाळहून तपासणीला साहेब आले. उकंडरावांच्या घरी गोळाभात झाला, वर ताक झालं, साहेबांना जांभया आल्या आणि त्यांनी कपाटाकडं लांबूनच बघून सही ठोकली: साहित्य पाहिले, समाधानकारक आहे. ही सही ध्यानात ठेवा, ती पुढं फार कामाला येणार आहे.

एवढी सुरक्षा झाल्यावर गावात चोऱ्या सुरू झाल्या. एका वर्षात तीन. एका घरची पितळी घागर, एका मास्तरांचं घड्याळ, आणि खुद्द उकंडरावांचा नवा ट्रान्झिस्टर. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट निघाली: कुलूप तुटलं नव्हतं. समिती बसली. अडाणी माणसानं म्हटलं असतं की कुलूप लावलंच नसेल. आणि खरंही तेच होतं. घागर गेली त्या घरचं कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं असे, मास्तरांची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, उकंडरावांची कोनाड्यातल्या डब्यात, आणि हे अख्ख्या गावाला पाठ होतं. पण समिती शिकलेली होती. तिनं असा निष्कर्ष काढला की कुलूप तुटलं नाही म्हणजे ते हुनरानं उघडलं, आणि असा हुनर गावात एकाच माणसाकडं आहे.

गनीला बोलावलं. त्याला या तिन्ही घरांच्या किल्ल्या कुठं असतात हे ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाच्या घरची गोष्ट चारचौघांत सांगणं त्याच्या उस्तादानं शिकवलं नव्हतं.  उकंडरावांनी विचारलं, "आजवर किती कुलपं उघडली रे, गनी?"

"एकबी नाई जी," गनी म्हणाला.

हेच ते हसणं. हसून झाल्यावर ढोमण्यांनी लिहिलं: इसम उघड खोटे बोलतो.

यादीत गनी एकटा नव्हता. त्याच्या आधी तांड्यातली अकरा नावं होती, आणि ती लिहायला ढोमण्यांना काहीच डोकं लावावं लागलं नाही. जुन्या पोलिसपाटलाच्या वहीत तांड्यातले आजे होते, नवीन वहीत नातू आले. माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवायचा इंग्रजांचा कायदा दिल्लीनं दहा-बारा वर्षांमागंच मोडीत काढला होता, पण ती बातमी सावळधरीपर्यंत चालत येत असावी. यादीत पहिलं नाव देवसिंगचं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरला, कधीतरी या शिवारात मुक्कामाला थांबला, आणि तेवढ्या गुन्ह्याबद्दल चार एकर कोरडवाहू कसणाऱ्या देवसिंगला सुधारायचं ठरलं होतं. देवसिंगनं गनीला यादीत पाहिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की बरं झालं, आमच्यात कोणी कारागीर नव्हता.

सुधारणा अशी असे. दर बुधवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी, बाराही जणांनी शाळेच्या ओसरीवर हजर राहायचं. तिथं घड्याळ गेलेले मास्तर त्यांना प्रामाणिकपणावर व्याख्यान देत. गनीचा हप्त्याचा धंदा बुधवारी दुपारीच व्हायचा, तो बुडे. एका बुधवारी व्याख्यान संपल्यावर मास्तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले की माझ्या ट्रंकेचं कुलूप अडलंय, जरा बघता का. गनीनं ते मुकाट्यानं बघितलं. मास्तरांना यात काही विचित्र वाटलं नाही.

व्याख्यान सोसलं असतं, धंद्याचं नुकसानही सोसलं असतं. पण यादीला आणखी एक कलम होतं. यादीतल्या माणसाच्या घरी जो पाहुणा येईल, त्यानं आधी पंचायतीत जायचं. तिथं नाव, गाव, येण्याचं कारण सांगून वहीत अंगठा द्यायचा, मगच पाहुणचार घ्यायचा. संशयिताकडं येणारा तोही थोडा संशयित, असा यातला विचार होता. आणि गनीच्या अकीलाचं लग्न ठरलेलं होतं.

अकीला त्याची एकुलती एक. सोयरीक पांढरकवड्याची, मुलाचा बाप गफ्फारमिया तिथल्या जिनिंगमधला मिस्त्री, मोठा मानी माणूस. एका लग्नात सरबत उशिरा आलं म्हणून उठून गेलेला. तो चाळीस वऱ्हाडी घेऊन नेरच्या रस्त्यावर मोटरीतून उतरणार, सावळधरीत येणार, आणि त्याला दारात कोतवाल सांगणार की मिया, आधी पंचायतीत चला, संशयिताच्या पाहुण्यांच्या वहीत अंगठा द्या. गनीच्या डोळ्यांसमोर हे रोज उभं राही. गफ्फारमिया अंगठा देणार नाही, तो पुढची मोटर पकडेल, आणि हातावर मेंदी काढलेली पोर घरात बसून राहील. त्याच्या बायकोनं, बिस्मिल्लाबीनं, तर रडणंही सोडून दिलं होतं. ती दिवसभर भांडी आपटायची आणि म्हणायची की तुमच्या उस्तादाच्या रिवाजानं पोरीची डोली अडवली.  तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तो उकंडरावांकडं गेला. हात जोडले. नाव कापा, पाहिजे तर लग्न झाल्यावर पुन्हा लिहा, असंही म्हणाला. उकंडरावांना वाईट वाटलं नाही असं नाही. त्यांनी सुपारी कातरत त्याला समजावून सांगितलं, "हे पाहा गनी, नाव लिहाचा अधिकार आमाले हाय. कापाचा नाई. कापाचा साहेबाले हाय."

मग तो ढोमण्यांकडं गेला. वऱ्हाडातल्या सगळ्यांची नावं मी आधीच कागदावर लिहून आणून देतो, अंगठेही आणून देतो, पण पाहुण्यांना इथं बोलावू नका, एवढी त्याची विनवणी. ढोमणे नियमाचा पक्का माणूस. त्यांनी चष्मा पुसला.

"अंगठा फक्त वहीत, वही फक्त हापिसात," ते म्हणाले. "सुट्या कागदावरची नोंद म्हणजे नोंदच नाही. सर्क्युलर काढून दाखवू?"

नको म्हणून गनी परत आला.

निकाह शुक्रवारचा, वऱ्हाड येणार गुरुवारी. आणि त्याच हप्त्यातल्या बुधवारी यवतमाळचे साहेब ढालीच्या तपासणीसाठी येणार असा सांगावा सोमवारी आला. गनीला वाटलं, खुदानं ऐकलं. साहेब येतील, वही बघतील, नाव कापतील. त्यानं बिस्मिल्लाबीला सांगितलं आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात भांडी हळू ठेवली गेली.

इकडं पंचायतीत मात्र धांदल उडाली. कपाटात संशयितांच्या वहीशिवाय काही नव्हतं, ही गोष्ट उकंडरावांना माहीत होती, ढोमण्यांना माहीत होती, आणि पाचही सभासदांना आपापल्या बॅटरीपुरती माहीत होती. या वेळी साहेब ढालीचे गुण देणार म्हणजे कपाट उघडून बघणार. सासरी गेलेल्या गॅसबत्त्या दोन दिवसांत माहेरी आणणं शक्य नव्हतं. तेव्हा मंगळवारी कपाटाची किल्ली हरवली. कशी हरवली ते विहिरीला ठाऊक.

बुधवारी साहेब आले. ओसरीवर बाराही संशयित ओळीनं उभे, धुतलेली कापडं घालून. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, सगळे सुधारल्यासारखे दिसत होते. साहेब माणूस वाईट नव्हता. मास्तरांनी गनीची हजेरी चांगली आहे असं सांगितलं तेव्हा साहेब लगेच म्हणाले की वही आणा, याचं नाव आत्ताच कमी करतो, वहीतच सही करावी लागते.  आणि ढोमण्यांनी खाली बघत सांगितलं की वही कपाटात आहे आणि किल्ली हरवली आहे.

साहेबांनी विचारलं, गावात कोणी कुलूपवाला नाही का.  मग कोतवाल भोळेपणानं म्हणाला की आहे ना साहेब, यादीतच आहे.

गनी कानशी आणि चिमणी घेऊन कपाटापुढं बसला. ओळीतून बाहेर काढून ज्या माणसाला संशयिताचा पुन्हा कारागीर केला, त्याच्याभोवती आता सगळी समिती उभी होती. सात खटक्यांचं कुलूप, तासभर लागला. पट्टी काळी करायची, घालायची, बघायची, घासायची. आणि घासता घासता गनीला एक गोष्ट कळली. कपाटाच्या दाराला कानस लागली की आतून आवाज येई, रिकाम्या हंड्यासारखा. कुलपाच्या माणसाचे कान असतात. भरलेलं कपाट असं बोलत नाही.

किल्ली झाली. त्यानं ती अर्धी फिरवली, सातही खटके बसले. मग हात काढला, उठला, दोन पावलं मागं सरला.

"सरपंच, या जी. फेरा द्या."

उकंडराव जागचे हलले नाहीत. ते म्हणाले की कपाट सरकारी आहे, आपण कोण. ढोमणे म्हणाले की ताबा सरपंचांकडं आहे, आपण नुसते लिहिणारे. सभासदांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग छताकडं. सात माणसांची समिती, पण कपाटाला मालक निघेना. साहेब वैतागून म्हणाले, "अहो, तुम्हीच फिरवा की! एवढं केलंत ना?"

"आमच्यात मालकानं फिरवा लागते, साहेब," गनी म्हणाला.

तेव्हा उकंडरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते गनीला खांद्याला धरून ओसरीच्या टोकाला घेऊन गेले. इतक्या मायेनं त्यांनी त्याला कधी धरलं नव्हतं.

"कायले आडून राह्यला बे?" ते हळू आवाजात म्हणाले. "तूच फिरव. फिरवली का तुहं नाव कापलंच समज. परवा पोरीचं लगन हाय ना?"

गनी परत कपाटापाशी आला. किल्ली कुलपात तशीच होती. अर्धा फेरा, मनगटाचा एक झटका, की वही बाहेर, नाव कापलेलं, आणि गफ्फारमिया सरळ दारात. त्याचा हात पुढं गेला. खोटं कशाला सांगायचं, बोटं किल्लीला लागली. अकीलाचा चेहरा त्याच्यासमोर होता आणि उस्तादाचा नव्हता. पण ओसरीच्या टोकाला उकंडराव ज्या उत्सुकतेनं त्या बोटांकडं बघत होते, ते त्याला दिसलं, आणि त्याचा हात थांबला. कपाट उघडणार, आत काही नसणार, आणि साहेब विचारणार की माल कुठं गेला. आणि सगळे एकाच माणसाकडं बघणार: ज्यानं उघडलं, ज्याला उघडता येतं, आणि ज्याचं नाव आतल्या वहीत आधीपासून लिहिलेलं आहे. तीस वर्षं त्यानं तो रिवाज उस्तादाची आठवण म्हणून पाळला होता. उस्ताद भला होता हे त्याला ठाऊक होतं, किती शहाणा होता हे आज कळलं.

त्यानं किल्ली उलटी फिरवून बाहेर काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. 

"किल्ली तयार हाय, साहेब. ज्याचं कपाट हाय त्यानं उघडावं. मी मालक नाई."

किल्ली टेबलावर पडली आणि सगळे तिच्याकडं बघत राहिले. साहेबांनी हात पुढं केला, आणि बरोबर त्याच वेळी त्यांना उकंडरावांकडचा गोळाभात आठवला. गोळाभाताबरोबर सही आठवली. साहित्य पाहिले, समाधानकारक आहे. आता हे उघडावं आणि आत समाधानकारक असं काही नसावं, म्हणजे काय होईल? साहेबांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले की मोटरीची वेळ झाली. त्यांनी शेरा लिहिला तो पंचायतीनं पुढं चौकटीत बसवून भिंतीला लावला: कपाट अत्यंत भक्कम असून ते कोणाही व्यक्तीस सहजासहजी उघडता येत नाही. वहीचं मात्र पुढल्या खेपेला बघू म्हणाले.

गनी ओळीत जाऊन पुन्हा उभा राहिला. नाव राहिलं. रिवाज पाळला आणि पोर बुडवली, एवढंच त्याच्या मनात होतं. घरी जाऊन बिस्मिल्लाबीला काय तोंड दाखवावं हे त्याला कळेना. साहेब गेले, समितीनं सुस्कारा टाकला, आणि तेव्हा दिवसभर न बोललेला देवसिंग ओळीतून पुढं आला. त्यानं पागोटं नीट केलं आणि अगदी गरीब चेहऱ्यानं ढोमण्यांना विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, उद्या गनीभाईकडं वऱ्हाड येऊन राह्यलं. त्याइचे अंगठे कोठी घ्याचे?"

"वहीत," ढोमणे सवयीनं म्हणाले.

"वही?"

ढोमण्यांनी कपाटाकडं बघितलं. टेबलावरच्या किल्लीकडं बघितलं. ती फिरवायची म्हणजे सगळ्यांदेखत कपाटाचं मालक व्हायचं. उकंडराव घाईनं म्हणाले की एखाद्या कागदावर घेऊन टाका. पण ढोमण्यांचं सर्क्युलर गावाला तोंडपाठ झालं होतं, आणि देवसिंगनं ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं: अंगठा फक्त वहीत, सुट्या कागदावरची नोंद म्हणजे नोंदच नाही. मग नवीन वही काढा, उकंडराव म्हणाले. ढोमणे घाम पुसत म्हणाले की नवीन वही काढायची तर पहिल्या पानावर जुनी का बंद केली ते लिहावं लागतं, आणि त्यावर तुमची सही लागते. उकंडरावांनी सही करण्यापेक्षा घरी जाणं पसंत केलं.

गुरुवारी देवसिंगनं तांड्यातल्या चार बैलगाड्या रस्त्यावर नेऊन उभ्या केल्या. वऱ्हाड गाड्यांत बसलं आणि सरळ गनीच्या दारात उतरलं. पंचायतीवरून जाताना कोतवाल उभा होता, त्यानं रामराम केला. गनी दारात उभा राहून एकेक पाहुणा मोजल्यासारखा बघत होता. चाळीसावा उंबऱ्याच्या आत आला तेव्हा तो आत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडला. गफ्फारमियांनी सरबत घेतलं, वेळेवर आलेलं, आणि भोवतालच्या माणसांना म्हणाले, "बड़ा शरीफ़ गाँव है. कोई पूछता तक नहीं के कौन हो, कहाँ से आए."

शुक्रवारी अकीलाचा निकाह झाला. रविवारी ती पांढरकवड्याला गेली.

त्यानंतर यादी आपोआप थंड पडली. हजेरी त्याच वहीत होती, तेव्हा बुधवारची हजेरी थांबली. मास्तरांनी दोन बुधवार मोकळ्या ओसरीला व्याख्यान दिलं, मग तेही बाजारात दिसू लागले. उकंडरावांचा ट्रान्झिस्टर पुढं नेरला त्यांच्याच जावयाच्या घरी गाताना सापडला, त्यावर समितीची बैठक झाली नाही. आणि ढाल? ढाल सावळधरीलाच मिळाली. जिल्ह्यात इतकं सुरक्षित कपाट दुसरं नव्हतं. ढाल भिंतीला लागली, शेजारी साहेबांचा शेरा, आणि त्याखाली खिळ्याला गनीनं केलेली किल्ली. सगळ्यांच्या हाताला येईल अशी. चार वर्षं तिला कोणी हात लावला नाही. सामानाच्या यादीत मात्र दरवर्षी लिहिलं जाई: कपाट एक, कुलूप एक, किल्ली एक, सुस्थितीत.

अडुसष्ट साली पंचायतीची नवी इमारत झाली. सामान हलवायचा दिवस ठरला, तोही बुधवार. कपाट न्यायला उकंडरावांनी आठ गडी बोलावले, दोर आणि बल्ल्या आणवल्या, बाजारातले लोक बघायला जमले. पुढच्या दोन गड्यांनी अंदाज घ्यायला म्हणून कपाटाला हात घातला, आणि ते उचललं गेलं. बाकीचे सहा हात चोळत बघत राहिले. दोघं ते घेऊन बाजारातून चालत निघाले. आतून वही एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकल्याचा आवाज येत होता, आणि दुसरा कसलाही आवाज येत नव्हता. लोकांनी उकंडरावांकडं बघितलं. उकंडराव म्हणाले की आजकाल लोखंडच हलकं येते.

मिरवणूक निंबाखालून गेली. गनी आता म्हातारा झाला होता, नजर कमी झाली होती, पण कानस सुटली नव्हती. कोणीतरी बाजारातल्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं की गनीभाई, काय आहे हो या कपाटात? उकंडरावांची पावलं थबकली. गनीनं मान वर केली नाही.

"दुसऱ्याच्या कपाटात काय हाय ते आमी सांगत नाई," तो म्हणाला. "पण त्यात माहं नाव हाय. तेवढं माहं हाय, म्हून सांगतो."

या वेळी कोणी हसलं नाही.